सुटीच्या दिवसांतला संप

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय आधीच ठरवून टाकला होता. "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहणार का जाणार, ते सांग." मी म्हटलं, ते मलाही कुणी सांगितलं तर बरं होईल. शिवाय गेले दोन तास इथं जी भाषणं झाली त्यात आपण सगळ्यांनी बेंच, खडू आणि छड्या यांच्याच आठवणी काढल्या. त्यात मध्येच मी सर्व्हर आणि डेटा आणला तर मागच्या बाकावरचे लोक आठवीत उठून जायचे तसे आताही उठून जातील. म्हणून मी विषय बदलून घेतला.

आज आपण बहुतेक सगळे दिवाळीसाठी घरी आलो म्हणून इथं जमलो आहोत. तर सुटीत घरी येण्याबद्दलच बोलते. आणि घरी यायचं असतं तेव्हाच गाड्या बंद पडतात, त्याबद्दल. म्हणजे संपाबद्दल.

विट्याच्या माणसाला सुटीत घरी येणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपल्या वर्गातल्या निदान दहा-बारा घरांतली माणसं गलाईच्या धंद्यात. सोन्या-चांदीची भट्टी लावायला कुणी तमिळनाडूत, कुणी बंगालमध्ये, कुणी पंजाबात. वर्षभर घराला कुलूप किंवा घरात म्हातारी माणसं, आणि दिवाळी नाहीतर गावची जत्रा आली की गल्ली भरून जायची. आपल्या गावाला रेल्वे नव्हती. कुठूनही आलात तरी शेवटचा टप्पा एसटीचाच. कराडला उतरा नाहीतर सांगलीला, मग विट्याची गाडी. त्यामुळे आपल्याकडे "घरी पोचलो" याचा अर्थ "स्टँडवर उतरलो" असाच होता.

माझे वडील, आण्णा, विटा आगाराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्या मुलांनी त्यांच्या हातून सायकलची चेन बसवून घेतली आहे. म्हणून संप ही गोष्ट मी दोन्हीकडून पाहिली आहे.

आपण आठवीत होतो तेव्हा आगारातल्या कामगारांनी दोन-तीन दिवस काम बंद ठेवलं होतं. आपला वर्ग निम्मा रिकामा झाला होता. आजूबाजूच्या गावांतून पास काढून येणारी मुलं येऊच शकली नाहीत. काही सहा-सात किलोमीटर चालत आली, दुसऱ्या तासाला पोचली. त्यातल्या एकीनं दप्तर खाली ठेवताना मला विचारलं होतं, "तुझ्या आण्णांचा संप कधी मिटणार गं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखर तारीख हवी होती. माझ्याकडे तारीख नव्हती. घरी मात्र आई वाण्याच्या वहीत किती लिहून आणायचं याचा हिशोब करत होती, कारण बंद दिवसांचा पगार कापला जाणार हे आम्हाला ठाऊक होतं.

त्या आठवड्यात गणिताची घटक चाचणी होती. बाईंनी ती पुढे ढकलली. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "गाड्या सुरू झाल्यावर घेऊ." कुणामुळे ढकलली, कुणाची चूक, एक शब्द नाही. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून आज सांगते. चालत आलेली ती मुलगी आणि मेकॅनिकची मुलगी, दोघींनाही त्या एका वाक्यानं तुम्ही सांभाळलंत.

आता या गावातून थेट न्यूयॉर्कला जाऊ.

२००५ साली मी कंपनीच्या कामावर न्यूयॉर्कला होते. पंचवीस-सव्वीस वर्षांची. क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स म्हणून ठिकाण आहे, तिथं तिघी मिळून एका खोलीत राहत होतो. भारतातली, बांगलादेशातली, दक्षिण अमेरिकेतली माणसं तिथं दाटीनं राहतात. रस्त्याच्या वरून लोखंडी पुलावर ७ नंबरची गाडी जाते. ती गेली की खालची बोलणी थांबतात आणि गाडी गेल्यावर त्याच शब्दापासून पुन्हा सुरू होतात. त्या गाडीनं मी रोज मॅनहॅटनला कामावर जायची.

त्या वर्षी ३१ डिसेंबरला आण्णा निवृत्त होणार होते. मी नाताळची सुटी आणि साठवलेली रजा जोडून २१ डिसेंबरच्या रात्रीचं तिकीट काढलं होतं. दीड वर्षानं घरी जाणार होते.

आणि २० डिसेंबरला, मंगळवारी, पहाटे ३ वाजता न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या आणि बसच्या कामगारांनी संप पुकारला.

तिथं ही व्यवस्था एमटीए नावाची संस्था चालवते. संपावर गेलेली संघटना ट्रान्सपोर्ट वर्कर्स युनियनची लोकल १००. सुमारे ३४,००० कामगार. दिवसाला जवळजवळ ७० लाख फेऱ्या तेव्हा होत होत्या त्या व्यवस्थेत, आणि त्या एका पहाटेत शून्यावर आल्या. शहरात याआधी असे दोनच मोठे संप झाले होते. १९६६ साली १२ दिवसांचा आणि १९८० साली ११ दिवसांचा. म्हणजे पंचवीस वर्षांत तिथल्या लोकांनी हे पाहिलं नव्हतं. वर्षातला सगळ्यात गर्दीचा खरेदीचा आठवडा, नाताळ पाच दिवसांवर, थंडी शून्याच्या बरीच खाली.

शहरानं तातडीचे नियम काढले. सकाळी ५ ते ११ या वेळात मॅनहॅटनमध्ये ९६व्या रस्त्याच्या खाली चारपेक्षा कमी माणसं असलेली मोटार सोडायची नाही. त्यामुळे पुलाच्या तोंडाशी मोटारवाले अनोळखी माणसांना हाका मारून आत बसवून घेत होते. एरवी त्या शहरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. टॅक्सीचे मीटर बंद करून झोन ठरवले. पहिल्या झोनला माणशी १० डॉलर, पुढच्या प्रत्येक झोनला ५, आणि टॅक्सीत जितकी मावतील तितकी माणसं. आपल्या वडापसारखंच! मी मैत्रिणींना म्हटलं, जगातली सगळ्यात श्रीमंत नगरी एका रात्रीत खानापूर तालुका झाली. महापौर ब्लूमबर्ग स्वतः ब्रुकलिनच्या पुलावरून चालत आले, ते टीव्हीवर दाखवत होते.

माझं काम लॅपटॉपवर होण्यासारखं होतं. पण रजेवर जायच्या आधी कामाची सूत्रं हातात देणं प्रत्यक्षच करायचं होतं. म्हणून मंगळवारी मी चालत निघाले. घरापासून क्वीन्सबरो पूल ओलांडून ऑफिस नऊ-दहा किलोमीटर. विट्यातून कुणी एवढं चालत गेलं तर घरचे काळजीनं शोधायला बाहेर पडतील. तिथं हजारो माणसं एकाच दिशेनं चालली होती. आषाढीला आळंदीहून निघतात तशी, फक्त अभंग नव्हते आणि टोप्या लोकरीच्या होत्या.

पुलावर माझ्यासोबत एक बाई चालत होत्या. इक्वेडोरच्या. वृद्धाश्रमात आजारी माणसांची सेवा करण्याचं काम. तासावर पगार. उशिरा पोचल्या तर तेवढे तास कापले जाणार, न पोचल्या तर दिवस जाणार, आणि जायलाच हवं, कारण रात्रपाळीची बाई त्यांच्यासाठी थांबलेली. मोडक्या इंग्रजीत त्या संपवाल्यांवर रागानं बोलत होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्या लोकांना पेन्शन आहे, ते पेन्शनसाठी भांडतात. मला पेन्शन नाही, आणि चालते मात्र मी.

हे वाक्य मी अजून विसरले नाही, कारण ते खरं होतं. संपाचा मार मोठ्या साहेबाला कमी बसतो. त्याच्याकडे मोटार असते, किंवा घरून काम करायची सोय असते. सगळ्यात जास्त मार त्याच्याच बरोबरीच्या, किंवा त्याच्याहूनही खालच्या माणसाला बसतो. संपाची बाजू घेणाऱ्या कुणालाही, अगदी माझ्यासारखीलाही, या बाईंचं म्हणणं टाळून पुढे जाता येत नाही.

त्या रात्री घरी फोन लावला. आण्णांना सांगितलं की इथं रेल्वे-बस सगळं बंद आहे, विमानतळावर कसं जायचं ते बघते आहे.

"तिथंबी संप असतो व्हय?" आण्णांना आधी त्याचंच नवल. मग लगेच दुसरा प्रश्न, "मागणी काय हाय त्यांची?"

मला माझ्या विमानाची काळजी, आणि आण्णांना त्यांच्या मागणीची. मी सांगितलं, पेन्शनचं काहीतरी आहे. ते म्हणाले, "काहीतरी म्हंजे? नीट इचार कुणालातरी. पेन्शनसाठी माणूस उगं थंडीत उभा राहत न्हाय."

विचारायला लांब जावं लागलं नाही. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक केरळी अंकल राहायचे. त्यांची नोकरी ७ नंबरच्या गाड्यांच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये. ती शेड ज्या भागात आहे त्याचं नाव कोरोना. हो, तेच नाव, पण तेव्हा त्या नावाला कुणी घाबरत नव्हतं. अंकलही संपावर होते. पहाटे शेडच्या दाराशी फलक घेऊन उभे राहायचे आणि दुपारी घरी यायचे. बुधवारी जिन्यात भेटले. माझी बॅग दारात पाहून विचारलं, किती वाजता विमान? मी सांगितलं. म्हणाले, तीनला खाली ये, मी सोडतो.

म्हणजे गाड्या ज्यांनी बंद ठेवल्या होत्या, त्यांच्यातल्याच एकानं मला स्वतःच्या जुन्या मोटारीतून विमानतळावर पोचवलं. रस्ते इतके तुंबले होते की एरवी अर्ध्या तासाच्या रस्त्याला आम्हाला दीड तास लागला. त्या दीड तासात मी आण्णांचा प्रश्न विचारून घेतला.

भांडण पगारवाढीचंही होतं, पण गाठ पडली होती पेन्शनवर. त्या कामगारांना २५ वर्षं नोकरी झाली की वयाच्या ५५व्या वर्षी पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त होता यायचं आणि पगारातून २ टक्के वर्गणी कापली जायची. एमटीएनं आधी नव्या लोकांचं निवृत्तीचं वय ६२ करायचं म्हटलं. ते सोडलं, पण शेवटच्या रात्री मागणी आली की यापुढे जे भरती होतील त्यांनी पहिली दहा वर्षं ६ टक्के भरावेत. त्याच वर्षी संस्थेकडे जवळजवळ १०० कोटी डॉलरची शिल्लक होती. कामगारांना खुपलं ते हे.

मी विचारलं, "म्हणजे अंकल, तुमच्या पेन्शनला तर हात लागत नव्हता?"

"नाही," ते म्हणाले. "माझं जे आहे ते आहे. माझ्या जागेवर जो येईल त्याचं जाणार होतं."

तिथं सरकारी कामगारांनी संप करायलाच बंदी आहे. १९६६च्या संपानंतर, १९६७ साली, टेलर कायदा झाला. त्याप्रमाणे संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचा पगार जातो. एक न केलेल्या कामाचा आणि एक दंडाचा. न्यायालयानं संघटनेला रोजचा १० लाख डॉलर दंड लावला होता. अंकलना हे सगळं आकड्यांसकट माहीत होतं. तीन दिवस चालला तर सहा दिवसांचा पगार, असं त्यांनी स्टिअरिंगवर बोटं मोजून सांगितलं. त्यांची मुलगी कॉलेजात होती.

मी पैसे द्यायला लागले तर घेतले नाहीत. वडील काय करतात, म्हणून विचारलं. सांगितलं, बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत, या महिन्याअखेरीस निवृत्त होतात. ते हसले आणि म्हणाले, त्यांना पेन्शन किती बसेल? मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. घरी आल्यावर कळलं.

मी मुंबईला उतरले तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मुंबई सेंट्रलहून सकाळची एसटी धरून कराड, कराडहून विटा. स्टँडवर आण्णा खाकी कपड्यांतच उभे होते. वर्कशॉपमधून पाच मिनिटांची सुटी काढून आले होते. माझ्या तब्येतीची चौकशी करायच्या आधी विचारलं, "मिटला का त्यांचा?" मिटला होता. आदल्या दिवशी दुपारी, त्यांच्याकडच्या २२ तारखेला, मध्यस्थांच्या बोलण्यानंतर संघटनेनं संप मागे घेतला होता. तीन दिवस पुरते भरलेही नव्हते.

३१ तारखेला आगारात आण्णांचा निरोप झाला. नारळ, शाल, एक भिंतीवरचं घड्याळ. मेकॅनिकचा हात म्हणून त्यांनी घरी येताच ते घड्याळ उघडून पाहिलं. काही महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. एसटी हे महामंडळ, त्यामुळे राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन त्यांना नाही. त्यांना मिळते ती भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतली. तीस वर्षांहून जास्त नोकरी, आणि महिन्याला दीड हजाराच्या आत. आण्णांनी ते पासबुक मला दाखवलं आणि म्हणाले, "तुझ्या त्या अंकलना सांगू नगंस. त्यांना वाईट वाटंल."

न्यूयॉर्कच्या त्या संपाचं पुढं काय झालं, हेही सांगते, कारण संपाच्या बातम्या आपण गाड्या सुरू होईपर्यंतच वाचतो. नंतरच्या करारात पेन्शनची मागणी एमटीएनं सोडली. बदल्यात कामगारांनी पहिल्यांदाच आरोग्य विम्यासाठी पगाराचे दीड टक्के भरायचे, असं ठरलं. तो करार जानेवारीत मतदानाला गेला तेव्हा ११,२२७ बाजूनं आणि ११,२३४ विरोधात. सात मतांनी पडला! आपल्या वर्गाच्या मॉनिटरची निवडणूकसुद्धा यापेक्षा जास्त फरकानं झाली होती. पुढे प्रकरण लवादाकडे गेलं. संघटनेला २५ लाख डॉलर दंड झाला, आणि तिचे अध्यक्ष रॉजर टुसाँ, त्रिनिदादहून आलेले, स्वतः एकेकाळी रुळांवर काम केलेले, त्यांना पुढच्या एप्रिलमध्ये तुरुंगात जावं लागलं. कुणी जिंकलं, कुणी हरलं, हे एका वाक्यात सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की अंकलच्या जागेवर पुढच्या वर्षी जो मुलगा आला, त्याला पेन्शन जुन्याच अटींवर मिळाली, आणि त्यासाठी ज्यांनी पगार गमावला त्यांना तो मुलगा ओळखतही नव्हता.

आता आपल्याकडे येते.

२०१७ची दिवाळी आठवते? वसुबारस झाली आणि मध्यरात्रीपासून एसटीचा संप. मागणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगाराची. धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, चारही दिवस लालपरी आगारात. पाडव्याला उच्च न्यायालयानं संप बेकायदा ठरवला आणि भाऊबीजेला गाड्या सुरू झाल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या वर्षी भावाकडे दुपारनंतर पोचल्या. मी पुण्याहून मोटारीनं आले. माझ्याकडे मोटार होती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी ट्रॅव्हल्सला दुप्पट-तिप्पट भाडं दिलं.

आणि २०२१. पुन्हा दिवाळी. या वेळी मागणी महामंडळ राज्य सरकारात विलीन करण्याची. तो संप दिवाळी संपली तरी मिटला नाही. नाताळ गेला, संक्रांत गेली, होळी गेली. नोव्हेंबरअखेर सरकारनं मूळ पगारात वाढ दिली. नोकरीची पहिली दहा वर्षं असतील त्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५००. काही कामावर आले, बरेचसे आले नाहीत. शेवटी उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२पर्यंत हजर व्हायला सांगितलं, तेव्हा गाड्या पूर्ववत झाल्या. विलीनीकरण झालं नाही. त्या साडेपाच महिन्यांत राज्यात अनेक कर्मचाऱ्यांनी जीव दिला, हे आपण पेपरात वाचलं.

त्याच दिवाळीत आपल्या वर्गाच्या ग्रुपवर भांडण झालं. मी कुणाचं नाव घेत नाही, सगळ्यांना आठवतं आहे. "ऐन सणात यांना संप सुचतो" इथून सुरुवात झाली आणि पन्नास-साठ मेसेजनंतर आपला एक वर्गमित्र, जो एसटीत कंडक्टर आहे, ग्रुप सोडून गेला. ज्यांनी लिहिलं त्यांचीही बाजू होती. आपल्यातल्याच एकीच्या आईला दर आठवड्याला उपचारासाठी सांगलीला न्यावं लागत होतं. एसटीत ज्येष्ठांच्या सवलतीत जे काम होत होतं त्याला जीपवाल्यांनी किती घेतले, ते तिनं लिहिलं होतं. ते वाचून कुणालाही राग यावा. क्वीन्सबरो पुलावरच्या त्या बाईंचा आणि हिचा राग एकच.

पण त्याच महिन्यांत तो कंडक्टर द्राक्षाच्या बागेत रोजंदारीवर जात होता. हे त्यानं ग्रुपवर लिहिलं नाही. मला गेल्या महिन्यात सांगितलं, मी या मेळाव्याचं आमंत्रण द्यायला फोन केला तेव्हा. त्याला विचारूनच हे बोलते आहे.

"सणात का?" या प्रश्नाचा मी बराच विचार केला आहे. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी गाड्या बंद ठेवल्या तर मागणी पेपरच्या पाचव्या पानावर येते. सणात ठेवल्या तर पहिल्या पानावर येते, पण तेव्हा स्टँडवर लेकरं घेऊन बसलेल्या बाईचा सण जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी खोटी ठरत नाही. मी संपाला सरसकट चांगलं म्हणायला इथं उभी नाही. साडेपाच महिने खेड्यातल्या मुलांच्या शाळा बुडाल्या, त्यातल्या काही मुली पुन्हा शाळेत आल्याच नसतील. याचा हिशोब कामगारांनीही करायला हवा आणि पाच महिने ते मिटवू न शकलेल्यांनीही.

मला एवढंच वाटतं की आण्णांनी विचारला तो प्रश्न आपण विचारावा. गाडी चुकली, तिकीट गेलं, भाडं तिप्पट पडलं, राग आला, सगळं ठीक. पण त्या रागातच एकदा विचारावं, "मागणी काय हाय त्यांची?" उत्तर ऐकून पटलं नाही तर तसं सांगावं. आण्णाही काही संपांबद्दल म्हणायचे, "ह्यात दम न्हाय, उगं पुढाऱ्यांचं चाललंय." पण विचारल्याशिवाय म्हणायचे नाहीत. आणि ज्याच्याबद्दल आपण बोलतो आहोत तो आपल्याच बाकावर बसलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवावं. बाईंनी चाचणी ढकलली तेव्हा त्यांनी तेच ध्यानात ठेवलं होतं.

आता शेवटचं. तो आज आलेला नाही, म्हणून मघापासून जेवणाच्या रांगेत कुजबूज चालली आहे की अजून रागावला असेल. तर तसं नाही. दिवाळीच्या जादा गाड्या सुटल्या आहेत आणि त्याची ड्यूटी लागली आहे. आपण सगळे घरी येऊन इथं बसलो, आणि तो अजून इतरांना घरी पोचवतो आहे. त्याची गाडी संध्याकाळी साडेसहाला विटा स्टँडवर लागते, नंतर तासभर मोकळा आहे. कार्यक्रम सहाला संपेल असं संयोजकांनी लिहून दिलं आहे. मी स्टँडवर जाणार आहे, त्याच्यासाठी जेवणाचा डबा भरून ठेवायला सांगितला आहे. शाळेपासून चालत पंधरा मिनिटं. ज्यांना यायचं असेल त्यांनी गेटपाशी थांबावं. मोटारी इथंच राहू द्या, स्टँडवर लावायला जागा नसते.